ज्वारी संपू दे

मुरुम,
१० नोव्हेंबर २०२४

चि. शिवप्रियास अज्जाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नको. तुझं दसऱ्याचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण चष्म्याची काडी मोडली. ती उमरग्याहून नीट होऊन येईपर्यंत दिवाळी आली. मग लिहिलं, तर तुझ्या नव्या खोलीचा पत्ता सापडेना. आमच्या कारभारणीनं, तुझ्या अव्वानं, तो कागद साखरेच्या डब्याखाली घातला होता, मुंग्या येऊ नयेत म्हणून. मुंग्यांना पत्ता वाचता येतो असं तिला वाटत असेल. हे पत्र तरी पोचतं की नाही, या काळजीत पाकिटावर पत्ता दोन्ही बाजूंनी लिहिला आहे.

पुण्यात थंडी पडली असेल. गळ्याला काही बांधतेस का? तिथं स्टुडिओत रात्रंदिवस विजेच्या तारांमध्ये काम, पायात रबरी चप्पल घालत जा.

फोन करते म्हणतेस. कर, पण अव्वाला कर. माझा डावा कान पिठाच्या गिरणीनं नेला आणि उजवा अर्धा ठेवला. चार माणसं एकदम बोलली की मला वाटतं आपली गिरणीच चालू आहे. बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी वाटतं. आपली पत्रंच बरी.

तुझं गाणं इथं सगळीकडं झालंय. गणपतीत वाजलं. परवा शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते. मुरुमची पोरं हरत आली होती, तर बघणारी सगळी उभी राहिली आणि टाळ्या वाजवून तुझं गाणं म्हणायला लागली. मोबाईलच्या दुकानातला महांतेश म्हणाला, अण्णा, हे आता गाणं राहिलं नाही, घोषणा झाली. मला त्या गोंगाटात काही उमगत नव्हतं. पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता तो बरोबर कानात शिरला. भिऊ नको, भिऊ नको.

माझे डोळे भरले बघ. तू नऊ वर्षांची होतीस. सोलापूरच्या वसतिगृहाला निघालीस तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन गिरणीच्या दारात उभी होतीस, आणि मी तुला हेच म्हणालो होतो. तू विसरली असशील असं मला वाटायचं. मी गुंडाप्पाला, आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला, सांगितलं, हे शब्द माझे आहेत. तो म्हणाला, मग नातीच्या गाण्यावर तुमचंही नाव घाला, चन्नबसप्पा गिरणीवाले.

येळवस, रानात पूजा करून जेवायची अमावास्या, तीस डिसेंबरला आहे, सोमवारी. गुंडाप्पाच्या रानात आपल्याला जेवायला बोलावलंय. भज्जी, आंबील, उंडे, सगळं आहे. तू येतेस, नाही असं नाही, पण अठरा वर्षांत या घरात एक रात्र राहिली नाहीस. मागच्या खेपेला चहासुद्धा पायरीवर उभ्यानं घेतलास. त्याचा हिशेब मागत नाही. फक्त यंदा दोन दिवस राहा.

तुझा,
अज्जा


पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अज्जांना शरणार्थी, नमस्कार.

पत्र पोचलं. दोन्हीकडं पत्ता बघून पोस्टमन मला विचारत होता, यातलं पाठवणारं कोण आणि घेणारं कोण.

गाणं तुम्हाला आवडलं हे वाचून बरं वाटलं. पण अज्जा, तुम्ही ते नीट ऐकलं आहे असं मला वाटत नाही.

आमचं गाणं कसं बनतं ते सांगते. आम्ही सगळे एकदम वाजवत नाही. बिराप्पा ढोलकांचा ताफा एका दिवशी वाजवतो, कृष्णराजची गिटार दुसऱ्या दिवशी, मी तिसऱ्या दिवशी गाते. प्रत्येकाचं वेगळं साठवायचं, जसं तुम्ही गिऱ्हाइकांचे डबे वेगवेगळे ठेवायचात. मग शेवटी सगळं एकत्र. ऐकणाऱ्याला फक्त शेवटचं पीठ मिळतं.

आमच्या ‘बारदान’ बँडला कॉलेजची मुलं बरेच दिवस मागत होती, की प्रत्येक वाद्य वेगळं ऐकायला द्या, आम्हाला शिकायचंय. म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही ते पाचही तुकडे सगळ्यांसाठी खुले केले. महांतेशच्या नंबरवर पाठवले आहेत. त्याच्या दुकानात कानात वायरी घालून एकेक ऐका. तुम्हाला एका वेळी एकच आवाज समजतो ना? मग हे तुमच्यासाठीच आहेत असं समजा.

पाचवा तुकडा माझ्या आवाजाचा आहे. तो शेवटी ऐका. घाई करू नका.

येळवसचं बघते. अठ्ठावीसला लातूरला आमचा कार्यक्रम आहे, तिथून किती वेळ मिळतो ते आत्ता सांगता येत नाही. गळ्याला मफलर बांधते. रबरी चप्पल आहे.

तुमची,
शिवप्रिया


मुरुम,
१ डिसेंबर २०२४

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

तीन दिवस महांतेशच्या दुकानात जाऊन बसतोय. पहिल्या दिवशी त्यानं वायरी उलट्या घातल्या, चांगला कान रिकामा आणि गेलेल्या कानात गाणं. मी म्हटलं, हे तर लई शांत गाणं आहे.

मग नीट घातल्या. पहिला तुकडा लागला आणि मी स्टुलावरून उठलो. टप्प, टप्प, टप्प. हा आपला पट्टा आहे. पट्टा तुटला की मी दोन टोकं शिवून घ्यायचो, तो जोड चाकावरून जाताना वाजायचा, तेच. चौथ्या खेपेला किंचित मागं राहतो. आपलं चाक एका बाजूनं झिजलं होतं म्हणून तसं व्हायचं. तू हे कसं लक्षात ठेवलंस? पण पट्टा चामड्याचा नाही हे मी लगेच ओळखलं. कुणीतरी चप्पल आपटतंय. बिराप्पाची असेल तर त्याला सांग, टाचेकडून सैल झाली आहे, शिवून घे.

दुसरा तुकडा जाड गिटारीचा. ती आपली मोटर. दाणा पडला की मोटरचा आवाज जरा खाली बसतो, तसाच बसवलाय. तिसऱ्या तुकड्यात कृष्णराजची गिटार किंचाळली तेव्हा माझा हात भिंतीकडं गेला, बटण बंद करायला. दाणा संपून दगडावर दगड घासला की असाच आवाज येतो. महांतेश हसून बेजार. मी त्याला म्हटलं, तू हास, पण त्या आवाजानं दगड फुटतात.

चौथा तुकडा लोकांचा. मला वाटत होतं गाण्यात दहा हजार माणसं ओरडतात. वेगळं ऐकलं तर चारच माणसं. त्यातल्या एकाला सर्दी झालेली. तीच चार पुन्हा पुन्हा ओरडून दहा हजार केलीत. महांतेशचा मात्र विरस झाला.

पण त्या चौघांचं ओरडणं ऐकताना मनात शंका आली. पाचवा तुकडा दुसऱ्या दिवसावर टाकला.

काल तो ऐकला. पहिल्या ओळीच्या आधी तू हळूच काहीतरी पुटपुटतेस. पूर्ण गाण्यात ते चपलेखाली बुडतं, इथं स्वच्छ आहे. ‘ज्वारी संपू दे.’

मी वायरी काढून ठेवल्या. तू लहानपणी काही मागायला आलीस आणि गिरणी चालू असली, की मी हाताचा पंजा दाखवून हेच म्हणायचो. ज्वारी संपू दे, मग बोलू. तू दाराशी टेकून वाट बघायचीस, गिरणी थांबेपर्यंत.

मग पुढचं ऐकलं. तीन वेळा ऐकलं. खात्री होईना, म्हणून महांतेशकडून कागदावर लिहून घेतलं. ‘परत येऊ नको म्हणालास, पाठ फिरवून राहिलास.’ आणि लोक ओरडतात, ‘येऊ नको, येऊ नको.’ मग तू एकटी म्हणतेस, ‘मी येणार.’

भिऊ नको नाहीच कुठं त्यात.

बाळ, तुला हे कोण म्हणालं? वसतिगृहाच्या बाईंनी म्हटलं का? की शुभांगी मावशीच्या घरी कुणी बोललं? तू सुट्टीत तिच्याकडं राहायचीस, तेव्हा तिची सासू तोंडाची फटकळ होती. तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस? मी दर महिन्याला कडक भाकरी घेऊन येत होतो, समोर बसून बोलत होतो. एक शब्द बोलली असतीस तर मी त्या घरी तुला ठेवलंच नसतं. काल रात्रभर झोप नाही. कोण म्हणालं ते नाव कळव.

तुझा,
अज्जा


पुणे,
८ डिसेंबर २०२४

ती. अज्जा,

तुम्ही.

जूनचा महिना होता. मी पेटी घेऊन दारात उभी होते. गिरणी चालू होती. तुम्ही म्हणालात, ‘परत येऊ नको.’ आणि वळून दाणे ओढायला लागलात.

मला आई नव्हती, वडिलांनी दुसरं घर केलं होतं. मला वाटलं आता तुमच्याही घरात जागा संपली. तुम्ही भाकरी घेऊन यायचात तेव्हा मला कळायचं नाही, की मग हे कशासाठी येतात. खरंच येऊ नको का, हे विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तर?

रागावून लिहीत नाही. गाण्यात तो राग कधीच वापरून झाला.

शिवप्रिया


मुरुम,
१४ डिसेंबर २०२४

चि. शिवप्रियास,

पत्र गुरुवारी आलं. अव्वाला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, जन्मभर गिरणी चालवून तुम्हाला पोरीचा एक दाणा नीट दळता आला नाही.

मी असं म्हणालो नाही. बसवेश्वराची आण घेतो. मी म्हणालो, ‘परत ये. भिऊ नको.’

आता तू हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ. परत ये, भिऊ नको. परत येऊ नको. मधला एक भि गेला की काय होतं बघ. तो गिरणीनं खाल्ला. माझ्या तोंडातून निघाला होता, तुझ्यापर्यंत आला नाही. आणि गंमत बघ, तुझ्या गाण्यात तू येऊ नको म्हटलंस, तर मी मैदानावर भिऊ नको ऐकलं. आपल्या दोघांच्या मध्ये ती गिरणी अजून चालूच होती.

आता तुला का पाठवलं ते लिहितो. हे तुला कुणीच सांगितलेलं नाही.

तुझी आई तारामती गेल्यापासून तू आमच्याकडं होतीस. घराची आणि गिरणीची भिंत एक. सुगीत पीठ जास्त उडायचं, तेव्हा तुझी छाती वाजायची. शिटीसारखा बारीक आवाज. तू झोपलीस की मी कान लावून बसायचो. तेव्हा माझे कान चांगले होते. उमरग्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तुझी छाती तपासली आणि माझ्या भुवईवरचं पीठ बोटानं पुसून मला दाखवलं. म्हणाले, हे पोरीच्या छातीत बसतंय, हिला इथून लांब ठेवा, सुट्टीतसुद्धा आणू नका.

मला गिरणीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून गिरणीच्या दगडाला टाकी लावत आलो. बंद करायचा विचार केला, पण धीर झाला नाही. हा माझा दोष आहे, तो मी लपवत नाही. आणि अव्वा म्हणाली, पोरीच्या जातीला दम्याचं नाव लागलं की लग्नाला अडचण येते, कुणाला सांगू नका, पोरीलासुद्धा नको, ती बोलून जाईल. म्हणून सगळ्यांना सांगितलं, सोलापूरची शाळा चांगली आहे.

तू मोठी झालीस तरी मुक्कामाला राहिली नाहीस. मला वाटायचं, पीठ तुला अजून सोसत नसेल. पायरीवर चहा घेतलास तेव्हा वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, छाती तरी नीट राहील.

पाचव्या तुकड्यात तू दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतेस, तो मी वेगळा ऐकला. महांतेशला तेवढीच जागा पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. त्याला वाटलं म्हातारा बिघडला. शिटी नाही त्यात, बाळ. एकदम स्वच्छ आहे.

तुझा,
अज्जा


पुणे,
१९ डिसेंबर २०२४

ती. अज्जांना शरणार्थी.

तुमचं पत्र घेऊन स्टुडिओत गेले. काचेच्या खोलीत एकटी उभी राहिले आणि दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणाले. बाहेरून कृष्णराजनं विचारलं, नवीन गाणं का? मी म्हटलं, जुनंच.

तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण एका गोष्टीपाशी अडते. गिरणीत आपण सगळेच ओठ बघून बोलायचो. त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी मान वर करून तुमच्या ओठांकडंच बघितलं. तर तुमची पाठ होती. भिऊ नको म्हणणारा माणूस पाठ का फिरवेल? आणि दोन मिनिटं गिरणी का बंद केली नाहीत? मी ज्वारी संपायची वाट बघत उभी होते. एसटी आली, तरी तुम्ही गिरणी थांबवली नाहीत.

दुसरं असं, की हे गाणं आता माझं राहिलेलं नाही. ज्यांना कुणी दारातून परत पाठवलं, अशी मुलं ते म्हणतात. एका मुलीनं मला सांगितलं, की ती घरी परत गेली ती या गाण्यामुळं. अठ्ठावीसला लातूरला हजारो जण पुन्हा म्हणतील. त्यांच्यासमोर उभं राहून मी काय म्हणू, की माझ्या ऐकण्यात चूक झाली होती?

पाठीचं तेवढं खरं सांगा.

शिवप्रिया


मुरुम,
२३ डिसेंबर २०२४

चि. शिवप्रियास अज्जाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी दुपारच्या टपालाला हे टाकतोय. वेळेत पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतो.

दगडाच्या तोंडात ज्वारी असताना गिरणी थांबवता येत नाही. दाणा अडकतो, मग वरचा दगड उचलावा लागतो, अर्धा तास जातो. त्या दिवशी गुंडाप्पाची ज्वारी पडत होती आणि सोलापूरची एसटी उभी होती. अठरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि हे खोटं नाही. पण तू खरं सांगा म्हणालीस.

गिरणी थांबवली असती तर शांत झालं असतं. मग मी रडतोय ते तुला ऐकू गेलं असतं. गिरणी चालू होती म्हणून मला रडता आलं. आणि पिठानं भरलेल्या तोंडावर पाणी आलं की रेघा उठतात. तू त्या लगेच ओळखल्या असत्या आणि गेली नसतीस. म्हणून पाठ फिरवली. तुझी छाती सांभाळली आणि तुला कायमचं दुखवून ठेवलं. दुसरं काय करायचं होतं ते मला अजून सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

गाणं बदलू नको. चुकून झालं म्हणून काय झालं? कबड्डीची पोरं त्यावर जिंकली. ती मुलगी घरी परत गेली. त्यांच्या दारात खरोखर कुणी येऊ नको म्हणालं असेल, त्यांच्यासाठी ते शब्द बरोबर आहेत. मला गर्दीत भिऊ नको ऐकू येतं, माझ्यासाठी तेच बरोबर आहे. लातूरला जशी गातेस तशीच गा. फक्त शेवटची तुझी एकटीची ओळ, ‘मी येणार’, तेवढी खरी कर.

मी महांतेशला म्हटलं, त्या गाण्यासारखा माझ्या आवाजाचाही एक वेगळा तुकडा करून दे, त्यात मी दोन्ही शब्द नीट म्हणतो, नातीला पाठवू. पाच वेळा केलं. एकदा पंखा आला, एकदा रिक्षा आली, तिसऱ्यांदा गिऱ्हाईक मोबाईलचं कव्हर मागत आलं, नंतर दोनदा माझाच आवाज बसला. तो म्हणाला, अण्णा, समोरच सांगा की. मला ते पटलं.

गुंडाप्पा आणि मी मिळून गिरणीची खोली साफ केली आहे. भिंतीवर बोटभर पीठ बसलं होतं, ते खरवडलं, दोनदा धुतलं, चुना दिला. वासे फडक्यानं पुसले. अव्वानं तुझ्यासाठी नवीन गादी केली आहे. तरी छातीची खात्री वाटत नसेल तर पहिली रात्र गुंडाप्पाच्या रानात काढू, तिथली हवा मोकळी आहे. निघायच्या आधी एकदा डॉक्टरांना छाती दाखव. बिराप्पा, कृष्णराज यायचे असतील तर तेही येऊ देत, आंबील भरपूर आहे. लातूरहून उमरग्याची एसटी धर, उमरग्याला मी उभा राहतो. उभा राहू का? कुठल्या वेळेला? उशीर होणार असेल तरी राहतो, पण कळू दे, नाहीतर अव्वा मला पहाटेपासूनच पाठवेल.

तू दारात आलीस की मी पाठ फिरवणार नाही. तोंडाला पीठ नसेल. तू ओठांकडं बघ, मी सावकाश म्हणेन.

ज्वारी कधीच संपली, बाळ. येतेस की नाही तेवढं लगेच कळव. पत्राला वेळ लागणार असेल तर फोन कर, अव्वाला कर. ती ऐकेल, आणि मी तिच्या ओठांकडं बघत उभा राहीन.

तुझा,
अज्जा